उलटं चिकटवलेलं पाणी

विज्ञान संग्रहालयाच्या तळघरातल्या कार्यशाळेत मिस्त्रींचं राज्य होतं. संचालक वरच्या मजल्यावर बसत, त्यांच्या खोलीत गालिचा होता, दारावर पाटी होती. पण लाकूड, फायबर, रंग आणि सरस यांच्या बाबतीत शेवटचा शब्द तळघरातून वर जायचा. शाळेतली पोरं ज्याच्या आतून रांगत जातात ते देवमाशाचं हृदय मिस्त्रींनी घडवलेलं. ज्याच्या पडद्यावर उडी मारली की ढोल वाजतो तो कानही त्यांचाच. हात असा, की लाकडात जीव यावा. तोंड असं, की समोरच्याचा जीव जावा.

मिस्त्रींची एक खोड होती. हातात आलेला नकाशा ते कधी जसाच्या तसा उतरवत नसत. "ज्यानं आयुष्यात पटाशी धरली नाही, त्याच्या रेघेवर मी डोळे मिटून करवत चालवू?" असं म्हणून ते कानामागची पेन्सिल काढत आणि दोन-चार ठिकाणी आपलं शहाणपण घालत. आता मोठ्या हृदयाची एखादी नळी बोटभर इकडे-तिकडे झाली तर कोणाला कळतंय? निभावून जायचं. निभावलं की मिस्त्री आणखी ताठ व्हायचे. अशा माणसाला वेळेवर कोणीतरी टोकायला हवं होतं. पण त्यांच्या तोंडाला लागायची हौस कोणाला होती?

टोकलं ते सुनेनं. तीही कशी, अगदी हळू आवाजात.

सून रसायनशास्त्र शिकून लग्न होऊन आलेली. पदवी कपाटात आणि ती स्वयंपाकघरात, हे मिस्त्रींनाच बघवेना. त्यांनीच संचालकांकडे शब्द टाकला. शाळांच्या सहली येतात त्यांना दालनं समजावून सांगायची, असं काम तिला मिळालं. काही महिने बघू, जमलं तर कायम करू, असं ठरलं. मिस्त्रींची छाती फुगली. "आमच्या घरचं काम वाटून घेतलंय," ते रंगाऱ्याला सांगायचे. "मी खाली ठोकतो, सूनबाई वर बोलते." आणि ती बोलायचीही छान. पोरं तिच्यामागे गुळाला मुंग्या लागाव्यात तशी फिरायची. कायम होण्याचं पत्र आता आलंच, अशी घरात सगळ्यांची खात्री होती. नवं दालन उघडलं की हातात पडेल, असं संचालकांनी तोंडानं सांगितलंही होतं.

ते नवं दालन पेशीचं होतं. आपल्या शरीरातली एक पेशी खोलीएवढी मोठी करून दाखवायची, तिच्या पटलाची भिंत करून तिला दारं ठेवायची, आणि भिंतीबाहेर व आत सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड यांचे गोळे आपापल्या पाण्यासकट टांगायचे. विद्यापीठातल्या एक वयस्क बाई संग्रहालयाच्या सल्लागार होत्या. त्यांनी नकाशा करून दिला आणि त्या लेकीच्या बाळंतपणाला परगावी निघून गेल्या. उद्घाटनाला येते म्हणाल्या.

नकाशात पाण्याचा रेणू म्हणजे एक मोठा लाल गोळा, ऑक्सिजनचा, आणि त्याला कोनात चिकटलेले दोन लहान पांढरे गोळे, हायड्रोजनचे. मिस्त्रींनी लेथवर गोळे कातले, रंगाऱ्यानं रंगवले, आणि कार्यशाळेच्या टेबलावर पाण्याच्या रेणूंचा ढीग पडला. मिस्त्री एक रेणू हातात घेऊन कौतुकानं फिरवत राहिले. त्यांना त्यात लाल डोक्याचं, दोन पांढरे हात पसरलेलं तान्हं मूल दिसलं. एकदा ते दिसलं आणि मग दुसरं काही दिसेना.

नकाशात क्लोराइडभोवती पाणी पांढरी बाजू आत करून बसलं होतं. ते मिस्त्रींना पटलं. पण सोडियमच्या जांभळ्या गोळ्याभोवती पाण्यानं लाल बाजू आत केली होती आणि पांढरे गोळे बाहेर हवेत पसरले होते. पोटॅशियमचंही तेच.

"हे बघ," मिस्त्री रंगाऱ्याला म्हणाले, "बाईंना इथे झोप लागलेली दिसते. अरे, कोणाला जवळ घ्यायचं तर हातानं घेतात की डोक्यानं ढुशी देतात?"

रंगारी हसला. मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली. आणि सोडियम-पोटॅशियमभोवतालचं सगळं पाणी हात आत करून, रेझिननं पक्कं चिकटवलं. दिसायला इतकं गोड झालं की पाहणाऱ्याला वाटावं, पाणी सोडियमला कुशीत घेऊनच निघालंय.

सून एकदा दुपारच्या सुट्टीत पाठांतराचा कागद घेऊन खाली आली. मांडणी कशी दिसते ते बघावं, म्हणजे बोलताना हात कुठे दाखवायचा ते कळेल, एवढाच तिचा हेतू. ती टांगलेल्या गोळ्यांखाली उभी राहिली, कागद बघितला, पुन्हा वर बघितलं.

"बाबा," ती म्हणाली, "सोडियमभोवतीचं पाणी उलटं लागलंय का हो?"

वेल्डिंग करणारा थांबला. रंगाऱ्याचा ब्रश थांबला.

"उलटं म्हणजे?" मिस्त्री म्हणाले.

"सोडियमवर अधिक भार असतो ना. पाण्याच्या ऑक्सिजनकडे थोडा उणे असतो, म्हणून ऑक्सिजनची बाजू सोडियमकडे ओढली जाते. पांढरे बाहेर राहतात. क्लोराइडचं बरोबर आहे, तो उणे असतो." ती भिंतीतल्या दाराजवळ गेली. "आणि हे पोटॅशियमचं दार बघा. याला आतून लाल गोळ्यांचं अस्तर दिलंय तुम्ही, ते नकाशासारखंच आहे. पोटॅशियम दाराशी आला की अंगावरचं पाणी उतरवून ठेवतो. जिथे पाण्याचा ऑक्सिजन होता, तिथेच दाराचा ऑक्सिजन त्याला मिळतो, म्हणून त्याला फरकच पडत नाही, तो सरळ आत जातो. सोडियम लहान, त्याला ते माप बसत नाही, म्हणून तो आपलं पाणी सोडत नाही आणि बाहेरच राहतो. आपली प्रत्येक नस यावर चालते, बाबा. आता पाण्याचे पांढरे आत असले, तर मुलांना मी हे सांगू कसं?"

तिनं मुलांना सांगावं तसं, नीट, प्रेमानं सांगितलं होतं. तेच मिस्त्रींना झोंबलं. आपल्याच कार्यशाळेत, आपल्याच माणसांसमोर, आपणच आणून बसवलेली पोर आपल्याला धडा देते! त्यांचा पारा चढला.

"दोन बुकं वाचली म्हणून इथे अक्कल शिकवायला येऊ नकोस!" ते ओरडले. "माझे केस या कामात पांढरे झाले. तुझं काम वर, बडबडायचं. ते कर जा!"

सुनेनं कागदाची घडी केली आणि जिना चढून गेली. वेल्डिंगच्या ठिणग्या पुन्हा उडायला लागल्या, जरा जास्तच जोरात.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मिस्त्री दाराच्या लाल अस्तरापाशी उभे राहिले. पोर म्हणते त्यात काही चूक दिसेना. क्लोराइडचं एक आणि सोडियमचं दुसरं, असं नकाशात मुद्दाम काढलेलं होतं. झोपेत कोणी एवढं नीटस चुकत नाही. मनात पाल चुकचुकली. पण रेझिन कडक झालं होतं, सगळं पाणी कापून पुन्हा लावायचं तर उद्घाटन पुढे ढकलावं लागलं असतं, आणि का ढकलायचं ते सांगावं लागलं असतं. मिस्त्रींनी दिवे मालवले. कोण बघतंय एवढं, असं स्वतःला समजावून ते घरी आले आणि सुनेनं वाढलेलं जेवले.

उद्घाटनाला फीत कापली, फोटो झाले, चहा फिरला. सल्लागार बाई गर्दीतून वाट काढत सोडियमखाली आल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "अरे देवा. हे पाणी कोणी फिरवलं?"

आवाज मोठा नव्हता, पण भोवतालच्या सगळ्यांना ऐकू गेला. संचालकांचा चेहरा उतरला. "मिस्त्री?" ते म्हणाले. "हे कोणी तपासलं होतं?"

पाहुण्यांचे, कारकुनांचे, रंगाऱ्याचे डोळे मिस्त्रींकडे वळले. एवढ्या वर्षांत त्यांच्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या तोंडाला कोरड पडली. आणि त्या कोरड्या तोंडातून जे निघालं, ते त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं; पण निघालं ते अगदी नीट, सरळ वाक्य होऊन निघालं.

"सूनबाईंनी पाहिलं होतं, साहेब. त्या शिकलेल्या आहेत. मला काय कळतंय त्यातलं?"

रंगाऱ्यानं खाली मान घातली. सून दालनाच्या दाराशी नव्या कडक साडीत उभी होती, छातीला नावाची पट्टी लावून. तिनं सासऱ्यांकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मिस्त्रींना सोसला असता. ती नुसती चकित झाली होती.

"हो," ती संचालकांना म्हणाली. "माझं बघायचं राहिलं."

चूक लगेच दुरुस्त करता येण्यासारखी नव्हती. शाळांच्या सहली आधीच ठरलेल्या. त्या संपल्या की दालन बंद करून पाणी फिरवायचं, तोवर मार्गदर्शकानं सोडियमच्या खालून पटकन पुढे निघायचं, असं ठरलं. मार्गदर्शक मात्र बदलला. जिला आपल्या विषयातली ढोबळ चूक दिसत नाही तिला वर उभं करायचं कसं, असं संचालक म्हणाले, आणि त्यांचंही काय चुकलं? सुनेला तळमजल्यावर दप्तरं ठेवायच्या खिडकीत बसवलं. बिल्ला द्यायचा, दप्तर घ्यायचं. बिल्ला घ्यायचा, दप्तर द्यायचं. कायमचं पत्र राहिलंच, होतं ते काम तरी टिकतं की नाही अशी गत झाली.

मिस्त्रींना लाज वाटायला लागली ती अशी, की जेवताना घास फिरायचा. रंगारी पूर्वीसारखाच "हो मिस्त्री, नाही मिस्त्री" म्हणायचा, पण नजर द्यायचा नाही. नवा मार्गदर्शक वर तोंडपाठ ओरडायचा तो आवाज जिन्यातून खाली यायचा आणि मिस्त्रींच्या हातातली पटाशी थांबायची. घरात सून पूर्वीसारखीच वागत होती. चहा वेळेवर, बोलणं नेमकं. तिनं एकदा तरी भांडं आपटावं, असं त्यांना वाटायचं. ती आपटत नव्हती. बायकोला तर यातलं खरं काहीच ठाऊक नव्हतं, ती उलट सुनेलाच समजवायची, "जाऊ दे गं, होते चूक माणसाच्या हातून. यांचं नाव खराब झालं याचं वाईट वाटतं, एवढंच."

हे ऐकून मिस्त्री जेवणावरून उठले.

दुसऱ्या दिवशी ते गालिच्याच्या खोलीत गेले. चपला बाहेर काढून गेले, कधी काढत नसत. "साहेब, ती चूक माझी होती," त्यांनी सांगितलं. "नकाशा बरोबर होता. मीच फिरवलं. पोरीनं आधी सांगितलं होतं, तर तिच्यावरच ओरडलो."

संचालकांनी पेन खाली ठेवलं. त्यांचे डोळे चक्क पाणावले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "सुनेसाठी एवढं कोण करतं हो आजकाल?"

"नाही साहेब, खरंच..."

"कळलं मला. पण सूनबाईंनी सगळ्यांसमोर स्वतः कबूल केलंय ना? तुम्ही एवढ्या वर्षांची अब्रू पणाला लावून तिची नोकरी वाचवायला आलात. मी विसरणार नाही हे." आणि त्यांनी उठून मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. मिस्त्रींना तो हात झटकावासा वाटला. पण झटकून तरी काय सांगणार? जे सांगायचं ते सांगून झालं होतं, आणि ते त्यांच्याच मोठेपणाच्या खाती जमा झालं होतं.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट इमारतभर झाली. पहारेकऱ्यानं ती सुनेला न्यायला आलेल्या मिस्त्रींच्या मुलाला सांगितली, आणि मुलानं घरी येऊन आईला.

"बाबांनी तिच्यासाठी आळ स्वतःवर घेतला म्हणे!" मुलगा म्हणाला. त्याला बोलताना भरून आलं होतं. बायकोनं मिस्त्रींकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतर फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"आळ नाही," मिस्त्री म्हणाले. "खरं आहे ते."

"बघ, अजूनही!" मुलगा हसला.

मिस्त्रींनी सुनेकडे पाहिलं. तिनं एक शब्द बोलावा, म्हणजे हे थांबेल. सून ताटं मांडत होती.

"बसा सगळे," ती म्हणाली. "गार होतंय."

जेवणं झाल्यावर मिस्त्री तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. त्या खोलीत ते सहसा जात नसत, त्यामुळे नेमकं कुठे उभं राहावं ते कळेना. "उद्या माझ्याबरोबर साहेबांकडे चल," ते म्हणाले. "तू सांगितलंस तर मानतील."

"मी सांगितलं तर म्हणतील, बघा, सासऱ्यानं एवढं केलं आणि ही त्यांच्यावरच ढकलते." तिनं नळ बंद केला. "तुमचं त्यांना खरं वाटलं नाही बाबा, माझं वाटेल? आणि मला परत सगळ्यांसमोर उभं करू नका. एकदा झालं तेवढं पुरे."

मिस्त्री मान हलवून बाहेर आले. तिला मागे बोलावून दोन शब्द बोलावेत असं वाटलं, पण माफी मागायची सवय नसलेल्या जिभेला ते दोन शब्द सापडेनात. रात्रभर त्यांना झोप नव्हती. साहेबांना खरं वाटत नाही, मुलाला वाटत नाही. मग ज्यांना आपलं नाव ठाऊकच नाही त्यांना सांगावं, असं पहाटे त्यांच्या मनात आलं.

सकाळी मुलींच्या एका शाळेची सहल आली. नवा मार्गदर्शक त्यांना घेऊन पेशीच्या दालनात शिरला आणि ठरल्याप्रमाणे सोडियमखालून भरभर पुढे निघाला. मिस्त्री भिंतीच्या दारात आडवे उभे होते, अंगात डागाळलेला कामाचा कोट.

"थांबा," ते म्हणाले. "मुलींनो, हे वरचं पाणी उलटं आहे."

मुली थांबल्या. मार्गदर्शक कावराबावरा होऊन हसला.

"हे मी बनवलं," मिस्त्री म्हणाले. त्यांनी वरच्या जांभळ्या गोळ्याकडे बोट केलं. "लाल बाजू आत पाहिजे. सोडियमला पाण्याची लाल बाजू लागते. मला वाटलं हे पांढरे हात आहेत, म्हणून मी हात आत केले. अडाण्यासारखं केलं. माझी सून रसायन शिकलेली आहे. ती मला सांगायला आली, की बाबा, उलटं लागलंय. मी तिला चारचौघांत ओरडलो. मग मोठ्या बाईंनी चूक पकडली, तेव्हा मी सांगितलं की सुनेनंच तपासलं होतं. खोटं सांगितलं. घाबरलो म्हणून."

मागे कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मुलींच्या बाईंना काय करावं कळेना. मार्गदर्शक धावत जाऊन संचालकांना घेऊन आला होता. ते दारातच उभे राहिले. अनोळखी पोरींसमोर उभं राहून असं कोणी मोठेपणासाठी बोलत नाही, हे त्यांना मिस्त्रींच्या तोंडाकडे पाहूनच कळलं असावं.

"मग त्या ताई कुठे आहेत?" पुढे उभ्या असलेल्या, दोन वेण्यांच्या मुलीनं विचारलं.

"खाली," मिस्त्री म्हणाले. "तुमची दप्तरं त्यांच्याकडेच दिलीत तुम्ही."

मुली गेल्यावर संचालक पुढे आले. त्यांना राग आला होता, आणि तो येणं बरोबरच होतं. "तुमच्याशी नंतर बोलतो," ते म्हणाले. "सूनबाईंना सांगा, उद्यापासून वर या म्हणावं. पत्रही काढतो. तुम्हीच सांगा जाऊन."

मिस्त्री जिना उतरायला लागले. छातीवरचं ओझं थोडं हललं होतं. आता ही बातमी तिला दिली की आपलं तिचं देणंघेणं मिटलं, असंही एका पायरीवर त्यांच्या मनात येऊन गेलं. वळणावर आले तर खालची खिडकी दिसली. दप्तरांसाठी मुलींची झुंबड उडाली होती, आणि सगळ्यांच्या पुढे ती दोन वेण्यांची, बिल्ला मुठीत धरून.

"तुम्हीच का त्या ताई? ज्यांचं बरोबर होतं?"

सुनेचा दप्तराकडे गेलेला हात थांबला. "कोणी सांगितलं?"

"वरच्या आजोबांनी. सगळ्यांना सांगितलं." मुलगी टाचा उंचावून खिडकीत डोकावली. "पण ताई, त्यांनी खोटं सांगितलं तेव्हा तुम्ही लगेच 'नाही' असं का म्हणाला नाहीत? तुम्हाला तर माहीत होतं ना?"

सुनेनं तिचा बिल्ला घेतला. मग तिनं दप्तर उचलून तिच्या हातात दिलं.

"ते माझे सासरे आहेत," ती म्हणाली.

एवढंच. रागानं नाही, कौतुकानंही नाही. बिल्ल्याचा नंबर सांगावा तसं. मुलीला त्यातून काय कळलं कोण जाणे, पण मिस्त्रींना सगळं कळलं. त्या दिवशी गर्दीत आपल्या तोंडून ते वाक्य इतकं सरळ का निघालं, तेही कळलं. ही 'नाही' म्हणणार नाही, याची आपल्याला आतून खात्री होती. मिस्त्रींना एवढी लाज वाटली, की त्यांनी कठडा धरला. खाली मुली एकेक बिल्ला पुढे करत होत्या, सून एकेक दप्तर देत होती, आणि आनंदाची बातमी तोंडात धरून मिस्त्री वळणावरच उभे राहिले.